पलीकडच्या ओढ्यातले झिंगे

बाई,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहेच. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते वाण्याच्या याद्या आणि तुमच्या बाटल्यांतल्या चिठ्ठ्या, एवढंच. रेघांची वही मुद्दाम आणली आहे, तरी ओळ खाली घसरतेच. पहिली चिठ्ठी लिहायला मी लाजत होते, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "कमलताई, माझ्या एमएस्सीच्या मुलांचे पेपर एकदा बघा. मग स्वतःच्या अक्षराला नावं ठेवणार नाही." कॉलेजच्या प्राणिशास्त्र खात्यात मला अहोजाहो करणाऱ्या तुम्ही एकट्या. बाकी सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. मला मात्र शिकवणाऱ्या बाईमाणसाला बाईच म्हणायचं ठाऊक होतं, म्हणून मी बाई म्हणत राहिले. तुम्ही कधी बदलायला सांगितलं नाहीत.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. कॉलेजात शोकसभा झाली, तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. तुम्ही किती मुलं घडवली, किती वेळेवर यायचात, सगळं बोलले. झिंग्यांचं कोणी बोललं नाही. तुम्ही सात वर्षं ज्याच्यामागे घालवली, त्याचं एक अक्षर कोणी काढलं नाही. ते का काढलं नाही, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं.

सुरुवात माझ्याच तोंडून झाली, हे मला आता सारखं आठवतं. तुम्ही टेबलावर कुठल्यातरी नदीतले झिंगे मोजत होता आणि मी फरशी पुसत होते. मी कधी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, आमच्याकडे दोन ओढ्यांचे झिंगे एका कालवणात घालत नाहीत. तुम्ही चिमटा खाली ठेवलात आणि विचारलंत, का. मी आईचं सांगितलं. माझं माहेर कात्रजच्या घाटाजवळ, डोंगराच्या अलीकडे. गावाजवळचा ओढा पुण्याकडे येतो. खिंड चढून पलीकडे उतरलं की दुसरा ओढा, तो तिकडे दक्षिणेला जातो. दोन्हीकडे बोटाच्या पेरासारखे झिंगे. आई म्हणायची, "पलीकडचं झिंगं उशिरा शिजतं, आन् शिजून बी लाल होत नाय, पिवळं ऱ्हातं. येगळं हाय ते." मी असंच तिच्या बोलीत सांगितलं, मग लाज वाटली आणि पुन्हा पुसायला लागले.

पुढच्याच रविवारी तुम्ही माझ्याबरोबर बसने निघालात. पायात कॅनव्हासचे बूट, हातात चहाची चाळणी. आईने चाळणी बघितली आणि हसून आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं काढून दिलं. काठाच्या मुळ्यांखाली ते फडकं कसं सरकवायचं, हे तिने तुम्हाला शिकवलं. तुम्ही दोन्ही ओढ्यांतले झिंगे जिवंत आणलेत आणि प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर दोन वाट्यांत शिजवलेत. एका वाटीतले लाल झाले, दुसऱ्या वाटीतले पिवळट राहिले. वास सगळ्या मजल्यावर गेला. खात्याचे सर नाक धरून आले आणि इथे काय चाललंय म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "प्रयोग. निष्कर्ष चविष्ट निघाला तर कळवते." तुम्ही जन्मात मासळी खाल्लेली नव्हती. तरी त्या दिवशी एक पिवळा उचलून दाताखाली धरलात आणि डोळे मिटून घेतलेत. मी इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला.

नंतर मायक्रोस्कोपखाली तुम्ही ते महिनाभर बघितलेत. पाय, मिशा, शेपटी, सगळं सारखं. बघून सांगता येईना. मग तुम्ही त्यांच्या अंगातली अक्षरं, डीएनए म्हणता ती, वाचायला बाहेर पाठवलीत. मला समजत नव्हतं, तर तुम्ही स्टूल ओढून बसवलंत आणि समजावलंत. एका आईने एक पोथी दोन मुलींना दिली. एक या गावी गेली, एक त्या गावी. प्रत्येकीने आपल्या मुलीसाठी हाताने उतरवून काढली, तिने तिच्या मुलीसाठी. उतरवताना कुठे एखादं अक्षर चुकतं. पुढची ते चुकीचंच उतरवते. या घरातल्या चुका त्या घरात जात नाहीत, त्या घरातल्या इकडे येत नाहीत. मग खूप काळाने दोन्ही पोथ्या शेजारी ठेवायच्या आणि किती ठिकाणी वेगळ्या आहेत ते मोजायचं. जितक्या जास्त, तितकी ताटातूट जुनी. या झिंग्यांची पिल्लं आईच्या पोटाखालून निघतात तीच आईसारखी होऊन. समुद्रापर्यंत जात नाहीत, आपला ओढा सोडत नाहीत. मध्ये डोंगर आहे. "तुमची आई बरोबर होती," तुम्ही म्हणालात. "लाखो वर्षं झाली यांना वेगळं होऊन. आता ही दोन घरं नाहीत, दोन जाती आहेत." पलीकडच्यांना तुम्ही नाव देणार होता. आईचं नाव त्यात घालणार होता. मी ते आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, झिंग्याला माझं नाव कशाला, गाव हसंल. पण चार घरी सांगून आली.

बाई, आपलं एक भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचे, दोन्ही एका टबात ठेवा, एकमेकांत मिसळतात का बघा. मिसळले तर एक, नाही तर दोन. तुम्ही म्हणायचात, टबात घालून त्यांची लग्नं लावणारी मी कोण. ओढ्यात ते कधी भेटतच नाहीत, ते खरं. मी म्हणायचे, भेटले नाहीत म्हणून काय वेगळे होतात, वेळ लागतो. तुम्ही म्हणायचात, वेळच तर लागलाय. मग मी एकदा विचारलं, वेगळं व्हायला कमीत कमी किती वेळ लागतो. तुम्ही म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. दाखला द्या, मग बोलू." दाखला माझ्याजवळ पुढे आला. तुम्हाला द्यायची हिंमत झाली नाही. आता देते.

तुमचे गुडघे दुखायला लागले आणि खिंड चढणं बंद झालं, तेव्हापासून मी दर महिन्याच्या एका रविवारी जायचे. सकाळी बसने जाऊन अलीकडची बाटली भरायची, मग खिंड ओलांडून पलीकडची. जाऊन येऊन चार तासांची चाल. खेपेचे दीडशे रुपये तुम्ही स्वतःच्या पर्समधून द्यायचात. मी नको म्हटलं तर म्हणायचात, फुकट काम घेणं मला परवडत नाही, फार महाग पडतं. बाटलीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये झिंगे, आणि त्यांच्याबरोबर आत माझी चिठ्ठी. पेन्सिलीनेच लिहायची, कारण शाई विरघळते. अलीकडचा ओढा. पलीकडचा ओढा. खाली तारीख. एवढंच लिहायला मी पाच मिनिटं लावायचे. चूक होऊ नये म्हणून.

पलीकडे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना आमची वरकस, डोंगरउताराची जमीन होती. आईवडिलांच्या मागे ती दादाच्या आणि माझ्या नावावर आली. हिंजवडीला कंपन्या आल्या, तसे डोंगराच्या कडेने बंगल्यांसाठी जमीन शोधत लोक फिरायला लागले. एक दिवस दादा मला कचेरीत घेऊन गेला. हक्कसोड करायची होती. आमच्याकडे बहिणी करतातच, सही करतात आणि साडी घेऊन घरी येतात. न केली तर माहेर तुटतं. दादा म्हणाला, "तायडे, कागदाचंच काम हाय. वढा कुटं जातोय?" मी विचारलं नाही की विकतोयस का. मला कळलं होतं, तरी विचारलं नाही. तीन ठिकाणी सही केली. चांगल्या अक्षरात केली, चिठ्ठी लिहायचे तशी, सावकाश. कारकून म्हणाला, मावशी, सही सुरेख आहे. मला बरं वाटलं होतं, बाई. खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर खिंड उतरले तर तारेचं कुंपण. फाटकाशी मोठा फलक. त्यावर चित्रात हिरवळ, बंगला आणि मधून वाहणारा ओढा. फलकाच्या मागे पोकलेनने मुरूम ओतून ओढा बुजवला होता. पाणी एका मोठ्या पाइपातून खाली सोडलेलं. वॉचमनने हटकलं. मी म्हटलं, जमीन आमचीच होती. तो म्हणाला, होती ना, मग झालं. मी कुंपणाच्या कडेने खालपर्यंत चालत गेले. पाइपाच्या तोंडाशी गाळ होता, सिमेंटचं पांढरं पाणी होतं. फडकं घालून बघितलं. काही नाही. पुढच्या डबक्यात बघितलं. काही नाही.

हातात रिकामी बाटली होती. चिठ्ठी मी घरूनच लिहून आणली होती.

काय सांगणार होते मी तुम्हाला? तुमचा ओढा बुजवला, आणि ज्या कागदावर बुजवला त्यावर माझी सही आहे? तुम्ही मला विचारलं असतंत, कमलताई, मला आधी का नाही सांगितलंत, मी वर्तमानपत्रात लिहिलं असतं, कोणाकडे गेले असते. तुम्ही गेलाच असतात. आणि मग दादा अडकला असता. असं सगळं तेव्हा मनात आलं. पण खरं सांगायचं तर दादाचा विचार नंतर आला. आधी आली ती लाज. तुमच्यासमोर उभं राहून ते वाक्य बोलायचं, याची लाज. मी परत खिंड चढले, गावच्या ओढ्यात उतरले, दोन्ही बाटल्या तिथेच भरल्या. एकीत चिठ्ठी घातली, पलीकडचा ओढा.

एकदाच करायचं होतं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात मागचंही सांगावं लागलं असतं. अशा आठ खेपा झाल्या.

मग त्या बाटल्यांतली अक्षरं वाचून आली. त्या दिवशी तुम्ही डबा उघडलाच नाहीत. तुमच्या हाताखाली शिकणारी मेधा टेबलापाशी उभी होती, तुमच्यासमोर कागद पसरलेले. पहिल्या वर्षांतले पलीकडचे वेगळे, आणि नंतरचे पलीकडचे अगदी अलीकडच्यांसारखे. अक्षराला अक्षर. म्हणजे एकतर झिंगे डोंगर ओलांडून आले, नाहीतर पहिल्यापासून कुठेतरी घोळ. मेधा हळूच म्हणाली, बाटल्यांची अदलाबदल झाली नसेल ना. मी दारात होते. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"कमलताई, पलीकडच्याच ओढ्यातले ना हे?"

"हो," मी म्हटलं.

तुम्ही मेधाला सांगितलंत, "ऐकलंस? माझा माझ्या हातापेक्षा त्यांच्या चिठ्ठीवर जास्त विश्वास आहे. चूक असेल तर ती पहिल्या वर्षांत, माझ्याकडून झाली असेल." मी बादली उचलून जिन्याखाली गेले. बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

तुमचा लेख छापायला गेला होता, तो तुम्ही परत मागवलात. कोणी मागितला नव्हता, तुम्ही स्वतःहून पत्र लिहिलंत. सर म्हणाले, राहू द्या ना मॅडम, कोण तपासायला येतंय. तुम्ही म्हणालात, मी येते ना. त्यानंतर तुम्ही एकदा म्हणालात, जिवंत आणाल का, पुन्हा दोन वाट्यांत शिजवून बघू. मी म्हटलं, बसमध्ये मरतात. तुम्ही म्हणालात, मीच येते हळूहळू, काठी घेऊन. मी म्हटलं, वाट खचली आहे. एका "हो"ला सांभाळायला किती खोटं लागलं, ते आता मोजत बसते. मी वाईट बाई नाही असं मला वाटायचं. अजून कधी कधी वाटतं, मग ती बादली आठवते.

मेधा कंटाळून निघून गेली, तिकडे हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत लागली. तुम्ही एकट्याच जुने कागद उलटसुलट करत राहिलात. स्वतःच्या वहीतली एकेक नोंद तपासायचात. एकदा मला म्हणालात, वय झालं, हात थरथरतो, तेव्हाच काहीतरी केलं असणार मी. मी तुम्हाला चहा दिला. हात थरथरत नव्हता तुमचा.

तुम्ही आजारी पडलात. मी दवाखान्यात आले, ती सांगायचंच ठरवून. बसमध्ये वाक्य पाठ करत आले होते. तुमचे यजमान, काका, औषध आणायला खाली गेले होते, नाकात नळी होती तुमच्या. मी खुर्ची ओढली. मी तोंड उघडायच्या आधी तुम्हीच विचारलंत, "ओढ्याला पाणी आहे का अजून?"

मी म्हटलं, "आहे, बाई."

तुम्ही हात माझ्या हातावर ठेवलात. "मग बरं. कोणीतरी पुन्हा जाईल. ते काही कुठे पळत नाहीत." आणि हसलात. तुम्हाला दिलासा मिळाला असं लोक म्हणतील. मी म्हणत नाही. मी तुमच्याकडून तुमचं खरं काढून घेतलं होतं आणि शेवटी त्या जागी हे ठेवलं.

शोकसभेनंतर मेधाला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. सही, कुंपण, आठ बाटल्या. ती पायरीवर बसली. म्हणाली, "मावशी, हे आता सांगताय?" मग तिने सांगितलं की पहिल्या वर्षांतला डेटा तिच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि तो खरा होता. मॅडम बरोबर होत्या. मी विचारलं, मग आता नाव देता येईल का. ती म्हणाली, नाव द्यायला नुसती अक्षरं चालत नाहीत, अंग लागतं. बाटलीतला एक तरी खरा झिंगा, ठेवलेला, कोणालाही येऊन बघता येईल असा. पहिल्या वर्षांतल्या बाटल्या कुठे आहेत?

बाई, त्या बाटल्या मी धुतल्या. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा खातं नव्या इमारतीत हलवलं. सरांनी सांगितलं, जुनं स्पिरिट ओता, काचा भंगारात द्या. मी मोरीत एकेक बाटली उपडी केली. पांढरे झालेले झिंगे जाळीवर पडायचे, ते झाडूने गोळा करून टाकले. चिठ्ठ्या ओल्या हाताला चिकटत होत्या, माझ्याच अक्षराच्या, खऱ्या. तेव्हाही मला एवढंच कळत होतं की उद्या भंगारवाला येणार आहे आणि बाटल्या कोरड्या व्हायला हव्यात. मेधाला हे सांगितलं तेव्हा ती उठली आणि निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता पलीकडे बंगले उभे राहिले आहेत. दादाने जीप घेतली, ती विकली. मला दिलेली साडी ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही. दादा आणि मी एकाच आईच्या पोटचे, पण त्या कचेरीनंतर आम्ही एकमेकांकडे बघून बोललो नाही. तुम्ही दाखला मागितला होतात ना? आम्हाला एक दुपार लागली.

आई आता नाही. ते झिंगे कसे शिजायचे हे चुलीपाशी बघितलेली आमच्या घरात आता फक्त मी उरले.

बाकी काही भरता येत नाही, म्हणून आठ खेपांचे पैसे भरायचे ठरवलं. दीडशेप्रमाणे बाराशे. तुमच्या चौदाव्याला काकांना चारशे दिले. काका म्हणाले, ती कोणाला उसने द्यायची नाही, हे कसले? मी म्हटलं, न केलेल्या कामाचे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "केलेल्या कामाचेसुद्धा तिने कोणाकडे मागितले नाहीत. आणि तुम्ही न केलेल्याचे आणून देताय." पण घेतले. तुमच्या फोटोजवळ ठेवले. पगार झाल्यावर आणखी चारशे दिले.

आज राहिलेले चारशे घेऊन गेले. टेबलावर तुमचा मायक्रोस्कोप होता, कापड घातलेला. काकांनी नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आले आणि विचारलं, "कमलताई, आता काही राहिलं नाही ना?"

मी चपला घालत होते. म्हटलं, "नाही काका. पैसे सगळे फिटले."